गंगुबाईंच्या कमरेवरची कळशी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची कळशी. वय विचारू नका, सांगायची नाही. तांबटानं मला इतकं ठोकलं, की त्या आवाजानं गिरगावातली घड्याळं पुढं पळायला लागली. खोटं वाटतंय? मग कावळ्यांना विचारा.

तिथून मी चिंचपोकळीच्या चाळीत आले आणि गंगुबाईंच्या कमरेवर बसले. नळ गॅलरीच्या टोकाला. बाई मला काठोकाठ भरून तुरुतुरु यायच्या, थेंब सांडायचा नाही. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला, की मला घेऊन रस्त्यावर. एकदा अख्खं लालबाग माझं पाणी प्यालं, तरी तळ दिसला नाही. बरं, थोडा दिसला असेल.

बाई थकल्यात हे घरात आधी मला कळलं. माझ्या गळ्यावरची त्यांची पकड सैल झाली. चाल मंदावली. चोळी अंगावर लोंबायला लागली. एकदा तर मी हातातून निसटलेच.

सून बकुळा भली पोर. पण शेजारची रखमा टोचून बोललीच, "काय गो, सासूक पाणी भरूक लावतंस?"

बकुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला काढून घेतलं. "आये, आता तुम्ही काडी उचलायची नाही." सासूला खाटेवर बसवलं, वर पातळ पेज. मायेनंच हो. पण बसून बसून बाईंना मोरीपर्यंत जायलाही आधार लागू लागला.

मुलगा दत्ताराम म्हणाला, "आये, तुका पुढच्या बोटीन कोकणात गावाक धाडतंय. हय मी गिरणीत, तुका बघतलो कोण?"

"मुंबय महाराष्ट्राक मिळाल्याबिगर मी बोटीत चढूचंय नाय."

दत्तारामनं कानाआड केलं. गावात तरी बघायला कोण होतं? एक म्हातारा कुत्रा.

धाडण्याआधी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाईंना आपला हात दाबायला सांगितला, खोलीत चालवून बघितलं.

"आजार नाही," ते म्हणाले. "पण नुसतं वय झालं म्हणून सोडूही नका. अंगातला ताकदीचा साठा आटलाय. साधा ताप आला तरी आडव्या होतील. बसवून ठेवलंत तर उरलंसुरलंही जाईल. झेपेल ते करू द्या, सोबतीला राहा. आणि पेज कसली देताय? डाळ, मासे द्या."

"आणि बोट?" दत्ताराम म्हणाला.

"आधी जिना उतरू देत. मग त्यांनाच विचारा."

बकुळानं माझ्या तळाशी जेमतेम पाणी घालून मला सासूच्या हातात दिलं आणि मागं मागं चालली. रखमा टपलेलीच. "परत लावलंस म्हातारीक?"

बकुळाची मान खाली गेली. बाई मात्र थांबल्या. "लावता खय? मेली माका भरूकच देय नाय. तूच सांग तिका, जरा पाणी वाढव म्हणान."

रखमा आत गेली ती गेलीच.

हळूहळू माझ्यात पाणी वाढलं. काठापर्यंत नाही, अर्ध्यावरच राहिलं. पण बाई जिना उतरू लागल्या. दत्तारामनं विचारलं, "आये, बोटीचा काय करूया?"

"आधी मोर्चो कधी आसा ता सांग."

मित्रांनो, तुमच्या आजीची पकड सैल झाली, ती चालताना मागं राहू लागली, तर तिला कोपऱ्यात बसवू नका. डॉक्टरांना दाखवा, नीट खाऊ घाला. तिच्याबरोबर चाला, पण तिच्या चालीनं. आणि तिनं कुठं राहायचं हे ठरवताना दाराआड कुजबुजू नका. तिला सगळं ऐकू येतं.