ताईंच्या सभेतला माइक

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो एक माइक आहे, जुना आहे, आणि त्याचं तोंड चेपलेलं आहे. शब्द खरखरीत लागले तर चालवून घ्या. मध्येच तुटले तर समजा, कुणीतरी तार ओढली.

जन्म

पोलादी अंग, आत तांब्याची बारीक गुंडाळी, तिच्यावर स्पंज, स्पंजावर जाळी. कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यात फुंकर मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "याच्यावरून गाडी गेली तरी हा बोलत राहील." मला फार बरं वाटलं.

नोकरी

मला खासदारबाईंच्या कार्यालयाने घेतलं. सगळे त्यांना ताई म्हणत. महिन्यातून एका रविवारी ताई सभागृहात लोकांना खबर देत. आधी देश, मग गल्ली, असा त्यांचा क्रम. देश म्हणजे संसदेत कोणता कायदा आला आणि ताईंनी त्यावर हात वर केला की नाही. गल्ली म्हणजे वाचनालयाची नवी वेळ, रक्तदान शिबिर, मुलींच्या शर्यतींचे निकाल, कोण वारलं, कुणाला जुळं झालं. देश चालू असताना लोक जांभया देत. गल्ली आली की सरसावून बसत.

ताईंचं झालं की मी खाली लोकांत जायचो. ज्याच्या हातात माइक, त्याला कुणी अडवायचं नाही. तो आपणहून ठेवील तेव्हाच पुढचा. हा नियम ताईंचाच, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

या नियमावर सगळ्यात जास्त जीव होता एका पंक्चरवाल्याचा. त्याला लोक पुरवणी म्हणत, कारण एक उत्तर मिळालं की त्याला आणखी एक प्रश्न चिकटवायचाच असे. त्याने मला घेतलं की मागून आवाज यायचा, "झालं. घरी जेवण गार."

"वहिनीला तापवायला सांग," पुरवणी म्हणायचा. "तर ताई, शाळेपुढचं गटार अजून उघडंच आहे."

ताई हसायच्या. बाहेर पडताना लोक म्हणायचे, "आवाज काय स्वच्छ येतो याचा." ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस.

देश

मग तो कायदा आला. कारण न सांगता माणसाला उचलायचं आणि कुठे ठेवलं ते घरच्यांनाही सांगायचं नाही. ताईंनी त्याच्या बाजूने हात वर केला. सभेत त्यांनी कागदावरून वाचलं, "यामुळे रस्त्यांवर शांतता नांदेल." लगेच शर्यतींचे निकाल वाचले. टाळ्या पडल्या.

पुरवणीने मला घेतलं. त्याच्या हाताला घाम होता.

"ताई, माझ्या पुतण्याला दुकानातून उचललं. कुठे ठेवलाय?"

"चौकशी करते हं, भाऊ."

"कुणाकडे करणार? कायदा तुमचाच आहे. कुठे ठेवलाय?"

"माइक ठेवा आता. इतरांनाही बोलायचंय."

"आपणहून ठेवायचा, असं तुम्हीच ठरवलंय. सांगा, ठेवतो."

ताईंचा धाकटा भाऊ कार्यालय सांभाळायचा. तो व्यासपीठावरून खाली आला, पुरवणीच्या मुठीतून त्याने मला हिसकावलं आणि

मी चालू होतो, मित्रांनो. पुरवणीच्या कपाळावर त्याने मला हाणलं तो आवाज भिंतींवरच्या कर्ण्यांतून, रस्त्यावरच्या कर्ण्यांतून, साऱ्या वस्तीत गेला. हाडाचा आवाज. दुसरा घाव कानशिलावर. माझी जाळी तेव्हा चेपली. पुढचे घाव मऊ लागले. पुरवणीच्या टाचा फरशीवर घासत होत्या, मग थांबल्या. जो उठला त्याला भावाच्या माणसांनी तुडवलं. एका म्हाताऱ्याचे दात माझ्या शेजारी येऊन पडले.

ताई खुर्चीत बसून होत्या. "अरे, सोड त्याला," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं.

पुरवणी तिथेच मेला.

गल्ली

साउंडवाल्याने मला स्पिरिटने पुसलं.

"चकाचक कर," भाऊ म्हणाला. "पुढच्या सभेत हाच वापरायचा. नवा आणला तर विचारतील, जुना कुठे गेला. आणि ताई, तू वाचायचंस, पायरीवरून पडला."

"लोकांनी पाहिलंय रे."

"लोकांना पोरंबाळं आहेत. ते काही पाहत नाहीत."

पुढच्या सभेला दाराशी पोलीस होते. पुरवणीची बायको पहिल्या रांगेत येऊन बसली. ताईंनी देश वाचला. मग गल्ली. वाचनालय झालं, रक्तदान झालं. "एक दुःखद बातमी. आपले एक नागरिक पायरीवरून" इथे त्यांनी मला अगदी ओठांशी नेलं आणि त्यांना वास आला. बाहेरून मी लखलखत होतो. आत, स्पंजात, त्याचं रक्त कुजलं होतं.

ताईंचा श्वास अडकला. तो सगळ्या सभागृहाने ऐकला.

"पायरीवरून नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाने मारलं. याच माइकने. मी बघत बसले होते आणि

तार उपटली. भावानेच.

तार काढली तरी मला ऐकू येतं, फक्त सांगता येत नाही. ताई बोलतच राहिल्या, पण मागे काही पोचेना. तेव्हा पुरवणीची बायको उठली, मागे वळली आणि ताईंचं वाक्य मोठ्याने म्हणाली. दुसऱ्या रांगेने ते तिसरीला सांगितलं. भावाच्या माणसांनी खुर्च्या उचलल्या. एक त्या बाईच्या खांद्यावर बसली, एक ताईंच्या जबड्यावर. जबडा मोडला तो माझ्यापासून वीतभर अंतरावर. तिसऱ्या रांगेत एकाचं डोकं फुटलं, तोवर त्याचं सांगून झालं होतं. वाक्य दारापर्यंत गेलं. दारातल्या पोलिसांना ते ऐकावंच लागलं.

आता

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. एका बाजूला सुरे, दुसऱ्या बाजूला सळया. भाऊ जामिनावर बाहेर आहे. त्याचा वकील म्हणतो, ताई त्या दिवशी भानावर नव्हत्या. साक्षीदार एकेक करून गावाला निघून जात आहेत. पुतण्या अजून सापडलेला नाही.

इथला हवालदार भला माणूस आहे, टापटिपीचा. "काय घाण झालाय बिचारा," असं म्हणून तो मला फडक्याने पुसायला बघतो. काल त्याच्या साहेबांनी त्याला स्पिरिटची बाटली आणून दिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, धुळीपासून जपा. माझी विनवणी उलटी आहे. मला पुसू नका. जाळी उघडू नका, स्पंज बदलू नका. खटल्याच्या दिवशी मला आहे तसा, घाणेरडा, न्यायाधीशांच्या नाकापाशी न्या.