नाटकात आई मरणार नाही

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि माझा स्वभाव खवचट आहे. जन्मभर दुसऱ्यांची थुंकी तोंडावर झेलली आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका.

माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा आहे. कारखान्यातल्या एका बाईने तो श्वास रोखून बसवला. मला वाटलं, जगात सगळेच इतकं जपून वागत असतील. कसलं काय! रेडिओच्या स्टुडिओत काही वर्षं माझी चैन झाली. निवेदक माझ्यासमोर खोकायलाही घाबरत. मग चकचकीत नवे माइक आले आणि मला तुटक्या हेडफोनांखाली खोक्यात कोंबलं. खोक्यावर कुणीतरी लिहिलं, ‘दान’. नकोशा वस्तूला लोक किती छान नाव देतात!

मी पोचलो ओल आलेल्या भिंतींच्या एका सभागृहात. तिथे युद्धातून पळून आलेली मुलंमुली जमत. त्यांच्याकडून श्राव्य नाटक करून घ्यायला एक दिग्दर्शिका येई. सगळे तिला मॅडम म्हणत. नाटक फक्त ऐकायचं, त्यामुळे सगळे आवाज खोलीतच तयार करायचे. टबात हात फिरवला की समुद्र, प्लास्टिक चुरगळलं की आग. एवढा भाग मुलांना आवडायचा. एरवी मुलांना मॅडम आवडत नव्हत्या, मॅडमना मुलं आवडत नव्हती आणि मला कुणीच आवडत नव्हतं.

त्यांच्यातली एक मोठी मुलगी फटकन तोंडावर बोलायची, म्हणून सगळे तिला खडूस म्हणत. नाव खोटं नव्हतं.

“आता नावेचा प्रसंग,” मॅडम म्हणाल्या. “वादळ आहे. तुझी आई पाण्यात पडते. तू अशी हाक मार, की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी झालं पाहिजे.”

“माझी आई पाण्यात नाही पडली. ती तिकडेच राहिली. गुडघ्यांमुळे तिला चालवत नव्हतं.”

“अगं, नाटक आहे हे!”

“मी तिला पाठवणार आहे ते. स्वतःचं मरण तिने माझ्या तोंडून ऐकायचं?”

“लोक हेलावले तर तुम्हालाच मदत मिळेल. कळतंय का तुला?”

“मग तुमच्या आईला पाडा पाण्यात.”

टबातला हात थांबला. मॅडमनी मान वळवली आणि पुटपुटल्या, “कृतघ्न कार्टी.” अगदी हळू पुटपुटल्या. पण माझ्यासमोर हळू असं काही नसतं. हेडफोन लावून बसलेल्या सगळ्या मुलांनी ते स्वच्छ ऐकलं.

तिथेच बिनसलं. मुलं मॅडमसमोर निमूट नावेची तालीम करत आणि त्या गेल्या की वेगळंच नाटक रचत. त्यात समुद्र नव्हता, हीच गल्ली होती. जिन्यात नाक दाबणारी शेजारीण होती. दारावर ‘भाड्याने देणे’ची पाटी लटकत असताना ‘खोली रिकामी नाही’ म्हणणारा घरमालक होता. आणि कोपऱ्यावरचा दुकानदार. तो खडूसने स्वतःकडे घेतला. आवाज असा उचलला, की माझा पडदा शहारला.

प्रयोगाला गल्लीतली माणसं रडायच्या तयारीने आली. मुलं आडोशामागे होती. वादळाऐवजी दुकानाची घंटी वाजली आणि खडूस खेकसली, “ए, पिशवी उघडून दाखव! तुम्हा लोकांचा भरवसा नाही!”

कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी दोघं. दुकानदार समोरच बसला होता. तो ताडकन उठला, आडोसा ढकलून आत शिरला आणि माझी मान धरून गरजला, “बंद करा हे! खायचं आमचं, राहायचं आमच्यात आणि वर आमचीच टिंगल! तुम्हा लोकांचा भरवसा नाही!”

“काका,” खडूस म्हणाली, “हे वाक्य झालंय. पुढचं म्हणा.”

त्याने मला फरशीवर आपटलं. माझी जाळी चेपली. टाळ्या वाजल्या, पण त्या नेमक्या कुणासाठी होत्या, ते मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहाला नवं कुलूप लागलं. मॅडमनी आपलं सामान उचललं आणि मला, “हा गेला कामातून,” म्हणून दाराबाहेरच टाकलं. खडूसने मला घरी नेलं, चिकटपट्ट्या लावल्या. धड लावल्या नाहीत. अजून घरघरतो मी.

प्रयोगाचं रेकॉर्डिंग तिने आईला पाठवलं होतं. एके दिवशी आईचा फोन आला. सगळी मुलं खडूसच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती.

“ऐकलं मी,” आई म्हणाली. “मी कुठे आहे त्यात?”

“तुला मारायला सांगत होते, आई. म्हणून घेतलंच नाही तुला.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मरायला मी तयार नाही,” आई म्हणाली, “पण काम करायला आहे. तो दुकानदार तू अगदीच मऊ केलास गं. असं ओरडतात होय? दे इकडे तो.”

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. चेपलेल्या जाळीनेही काम भागतं. पण कुणाला माझ्यासमोर उभं केलंत, तर त्याचं दुःख आधीच ठरवून येऊ नका. त्याच्या तोंडचे शब्द त्याचे त्याला असू द्या. ऐकवत नसेल, तर दार उघडंच आहे.

आणि आता जरा गप्प बसा. खडूसने मला फोनसमोर धरलं आहे आणि तिची आई घसा खाकरते आहे.