अकरा वर्षांची माफी

गोजरबाई दर रविवारी आपल्या धाकट्या जावेला माफ करत असे. सुगी असो, पाऊस असो, अंगात ताप असो, तिनं एक खाडा केला नाही. अशी अकरा वर्षं झाली होती.

बदनापूर स्टेशनापासून कोसभर आत त्यांचं गाव. गावात किरिस्तावांची नऊ घरं, आणि उपासना व्हायची ती मिशनच्या शाळेच्या एकुलत्या एका खोलीत. निजाम सरकारची सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी बाकीचं गाव बैल हाकत शाळेवरूनच शेताकडे जाई. कचरूमास्तर आठवडाभर पोरांना पाढे शिकवत आणि रविवारी मोठ्यांना उपदेश करत. प्रार्थना झाली की ते विचारत, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" हे ते आपलं रीत म्हणून विचारत. गोजरबाई तोवर उभी राहिलेली असे.

"हे प्रभो," ती डोळे मिटून म्हणे, "माझी धाकटी जाव साळूबाई, नवऱ्याचं नाव सांडू, राहणार इथलीच, हिनं माझ्या आईचे चांदीचे गोठ नेले. तरी मी तिला माफ केलं. तू बी कर."

नावगाव ती अशासाठी सांगे, की निजामाच्या एवढ्या मोठ्या मुलखात साळूबाया पुष्कळ, आणि भलतीलाच माफी जायला नको. तिचा आवाज पहिल्यापासून मोकळा होता. बाहेर रस्त्यावर बैल थांबत, बैलांचे धनी थांबत, आणि माफी पुरती झाली की पुढं जात.

प्रकरण असं होतं. अकरा वर्षांपूर्वी गोजरबाई आणि तिचा नवरा कारभारी जालन्याला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आले. घरी येऊन पाहते तर उतरंडीच्या खालच्या गाडग्यातले गोठ गायब. मनगटात घालायचे, भरीव, आईनं मरताना हातातून काढून दिलेले. त्याच संध्याकाळी धाकटा दीर सांडू यानं चूल वेगळी मांडली आणि मधे तुराट्यांचा कूड घातला. गोठ गेले आणि जाव गेली, या दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या, तेव्हा गोजरबाईनं त्यांची सांगड घालून टाकली. पुढं कारभारी वारला. मूलबाळ नव्हतं. राहिली ती आणि माफी.

माफीनं मात्र तिला नाव दिलं. शेजारच्या गावांतले किरिस्ताव आपल्या भांडकुदळ सुनांना तिच्या पायाशी आणून बसवत. जालन्याच्या मिशनची मडम एकदा बैलगाडीतून आली, तिनं गोजरबाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसले. सहाव्या वर्षी एका दुपारी ज्वारी निवडता निवडता गोजरबाईच्या मनात आलं होतं, की साळूनं नेले नसले तर? पण तोवर तिची माफी पाच गावांत पोचली होती. ती परत कशी बोलवायची हे तिला सुचेना, म्हणून तिनं तो विचार खड्यांबरोबर फेकून दिला.

साळूबाईनं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं होतं. तिसऱ्या वर्षी ती रामराव पाटलाकडे फिर्याद घेऊन गेली.

"मारलं का तिनं?" पाटलानं विचारलं.

"न्हाई."

"शिवी दिली?"

"देईल तर बरं. ती मला माफ करून राह्यली."

पाटलानं सुपारी कातरणं थांबवलं. "मंग तक्रार काय?"

"हीच की. दर ऐतवारी करती. साऱ्या गावादेखत."

"साळूबाई, चौकीवर काय लिहून पाठवू? सदर बाईनं फिर्यादीस माफ केलं? अमीनसाहेब इचारतील, दफा कोणती लावली. जा बाई घरी."

ती घरी आली. माफी चालूच राहिली.

यंदा चतुराचं जमत आलं. चतुरा म्हणजे साळूची एकुलती एक लेक. तीर्थपुरीच्या राधाकिसनचा धाकटा मुलगा, घर खाऊनपिऊन सुखी, माणसं सालस. बुधवारी बघायला यायचे होते. त्याच्या अलीकडच्या शुक्रवारी साळूबाई कुडाला वळसा घालून थोरलीच्या अंगणात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, एक काम होतं."

"बोल."

"चतुराला बघायला येऊन राह्यलेत. तीर्थपुरीचे."

"चांगलं झालं. प्रभू भलं करो."

"प्रभूला मधी आणू नका. ह्या ऐतवारी मला माफ करू नका, एवढंच म्हननं हाये."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "अगं, ते काय माझ्या हातात हाये? वरचा हुकूम हाये तो."

"मंग मनात करा."

"मनात तर रोज करते."

"त्यापरीस शिव्या द्या, बाई. माझ्या झिंज्या धरा, मी तुमच्या धरते. लोक दोन दिवस तमाशा बघतेल आन् जातेल आपापल्या घरी. शिवी उलटून देता येती. माफीला मी काय उलटून देऊ?"

"गोठ आणून दे. बिलकुल बंद करते."

"मी नेलेच न्हाईत."

"हे बी माफ करते," गोजरबाई म्हणाली, आणि सूप उचललं.

रविवारी कचरूमास्तरांनी साक्षीचं विचारलं. गोजरबाई उठणार, तोच दारात साळूबाई. ती या खोलीत कधी आली नव्हती. चपला काढाव्या की ठेवाव्या या विचारात क्षणभर उंबऱ्यावर घोटाळली, आणि मग सरळ आत येऊन तिनं गोजरबाईच्या पुढ्यात फडकं सोडलं. आत दोन गोठ होते.

"घ्या. मीच नेल्ते. आता बंद करा," ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

खोलीत मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी गडबड उडाली. अकरा वर्षांची माफी फळाला आली होती. बाया रडल्या. कचरूमास्तरांनी गोठ उजेडात धरले. ते नुसते लखलखत होते.

"पाहा," मास्तर म्हणाले, "अकरा वर्षं अंधारात राहिलेली चांदी काळी पडते. पण पश्चात्तापाचा स्पर्श झाला आणि कशी उजळली."

जालन्याच्या सोनाराचा स्पर्श कुणाच्या ध्यानात आला नाही. मास्तरांनी तिथल्या तिथं मडमेला चिठ्ठी लिहायला घेतली.

गोजरबाई मात्र उठली नाही. लोकांना वाटलं, भरून आलं. तिनं दोन्ही गोठांवरून अंगठा फिरवला होता. आईच्या एका गोठावर बारीक खाचा होत्या. दात येताना लहानगी गोजर आईच्या मनगटाला लोंबकळून तो चावायची. हे दोन्ही गुळगुळीत होते. आणि साळू वाकली तेव्हा आणखी एक दिसलं होतं. लग्नापासून तिच्या गळ्यात चांदीची जाड सरी असे. आज तिथं नुसती कातडीवरची फिकी रेघ होती.

सोमवारी ती मास्तरांकडे गेली.

"मास्तर, हे गोठ माझे न्हाईत. सरी मोडून केलेत तिनं. तिनं कधी काही नेलंच न्हाई."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "बाई, मडमेला चिठ्ठी गेली."

"दुसरी पाठवा."

"असं कसं? गाव आता नीट बघायला लागलंय आपल्याकडे." त्यांनी आवाज मऊ केला. "हे पाहा, मागलं सोडून द्यावं. किती दिवस उगाळत बसायचं? प्रभूच्या पायाशी ठेवा आणि मोकळ्या व्हा."

"अकरा वर्षं मी धरून बसल्ते, तवा न्हाई म्हनले तुम्ही सोड म्हणून."

"तेव्हा त्यातून लोकांना बोध होत होता."

"मंग आता काय करू मी?"

"प्रभूवर भरवसा ठेवा आणि गप्प राहा."

घरी येऊन तिनं दोन्ही एकदम करून पाहिलं. जमेना. गप्प बसलं की भरवशाचं कामच उरत नव्हतं, सगळं आपोआप ठीक होतं. मडम खूश, मास्तर खूश, पाच गावं खूश. आणि भरवसा ठेवायला गेलं की गप्प बसवेना. शिवाय एक भीती होती, ती तिनं प्रभूलाही सांगितली नव्हती. माफी काढून घेतली तर खाली काय राहत होतं? एक म्हातारी होत चाललेली विधवा, कुडाच्या अलीकडं एकटी. अशी बाई बघायला जालन्याहून कोण गाडी जुंपून येणार होतं?

मंगळवार असाच गेला.

बुधवारी पाव्हणे आले. कुडाला कान नसतात, पण फटी असतात. गोजरबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. पाणी झालं, पीकपाणी झालं, चतुरा येऊन पाया पडून गेली. मग राधाकिसन खाकरला.

"पाव्हणं, राग मानू नका. टेसनावर एक कानावर आलं. गोठाचं काही."

सांडूनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"म्हंजे, ह्या ऐतवारी बाईंनी सोता कबूल केलं, म्हंतेत. खरं हाये का ते? आमची बी चार माणसं हायेत इचारणारी."

उत्तर साळूबाईनं द्यायचं होतं. आता खरं सांगावं तर कोण ऐकणार, तिनंच तर कबूल केलं होतं. पलीकडची ती शांतता अलीकडं धुरासारखी आली आणि गोजरबाईच्या डोळ्यांत गेली.

"प्रभो," ती म्हणाली, "मी जाऊन राह्यले. पुढचं तू बघ."

अकरा वर्षांत साळूचं नाव नसलेली ती पहिली प्रार्थना. तिनं गोठ पदरात घेतले आणि कुडाला वळसा घालून सांडूच्या घरात शिरली.

"मी गोजरबाई. हिची थोरली जाव," ती पाव्हण्यांना म्हणाली. "हे गोठ माझे न्हाईत. हिनं आपली सरी मोडून केले, माझं तोंड बंद कराया. हिनं चोरी केली न्हाई. मी अकरा वर्षं खोटं बोलले, ते बी डोळे मिटून."

राधाकिसननं तिच्याकडं, गोठांकडं आणि साळूच्या गळ्याकडं पाहिलं. "मंग तुमचे गोठ नेले कुणी?"

"माहीत न्हाई. आम्ही किरिस्ताव झालो म्हणून त्या दिवशी बघाया अर्धं गाव घरातून फिरून गेल्तं. मी हिचंच नाव घेतलं. ही जवळ होती."

"आता शोध लावायचा मंग."

"न्हाई. देवाला माहीत हाये, तेवढं बस. मला आता माहीत करून घ्यायचं न्हाई." गोठांचा विचार केल्याशिवाय उद्याचा दिवस कसा काढायचा, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं गोठ साळूपुढं ठेवले. "साळू, मला माफ कर."

साळूबाईनं गोठ उचलले, हातात तोलले, कमरेला खोचले.

"न्हाई करत," ती म्हणाली. "मी काय किरिस्ताव हाये का? आमच्यात असलं काही न्हाई."

आणि मग तिनं तोंड सोडलं. पाव्हणे, नवरा, आतल्या दाराआडची चतुरा, कशाचं भान राहिलं नाही. पहिल्या वर्षापासून तिनं सुरुवात केली. अहो-जाहो दुसऱ्या वर्षीच सुटलं. पाणवठ्यावर बाया कशा गप्प व्हायच्या, बाजारात बांगड्यावाला पेटीवर हात कसा ठेवायचा, माहेरच्या लग्नात दागिन्यांच्या खोलीत तिला कसं जाऊ दिलं नाही, सगळं तिथीवार बाहेर आलं. गोजरबाईचं तोंड सवयीनं दोनदा उघडलं, "हे बी मी..." इथपर्यंत आलं, आणि तिनं ते मिटलं. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही.

"बांगड्यावाल्याचं माझ्यावर नको घालू," ती म्हणाली. "तो समद्याच बायांना तसं करतो."

"तू गप. तुला काय माहीत? तुला तर तो बांगड्या फुकट द्यायचा, साध्वी म्हणून."

"दोनदाच दिल्त्या. त्या बी घरधनी व्हते तवा."

"बघा, घेतल्या म्हंती."

सांडूनं मान खाली घातली होती. सोयरीक गेली असंच तो धरून चालला होता. राधाकिसन त्याच्याकडं सरकला.

"पाव्हणं," तो हळूच म्हणाला, "आमच्या थोरल्या दोन सुना एका चुलीवर सैपाक करतेत. सात वर्षं झाली, एकमेकीशी बोलत न्हाईत. घरात वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. तुमची चतुरा आईवर गेली का बापावर?"

"आईवर," सांडू दबकत म्हणाला.

"मंग सुपारी आणा."

सुपारी फुटली. आत पुरण शिजलेलं होतं, पोळ्या व्हायच्या होत्या, आणि साळूबाईचं अजून चौथंच वर्ष चालू होतं. बोलता बोलता तिनं परात ओढली.

"उभी काय राह्यली नुसती? घे ते लाटणं. जल्दी हात चालव, पाव्हणे भुकेजलेत. तर चौथ्या वर्षी बैलपोळ्याच्या दिवशी काय झालं, ते ऐक."

गोजरबाई चुलीपाशी बसली आणि लाटायला लागली. पोळ्या कुणाच्या हातच्या, हे राधाकिसननं विचारलं नाही. त्यानं चार खाल्ल्या. पाचवं आणि सहावं वर्ष पंगत उठेपर्यंत झालं. सातवं दोघी जेवायला बसल्यावर निघालं.