ब्रॅनचा जिना

"घेऊन जा तुमचा कुत्रा," एम्लिन रीस फोनवर कडाडला. "सकाळपासून माडीवर जाऊन बसलाय. खाली उतरायचं नाव नाही."

मी गाडी काढली आणि आधी ग्लेनिसच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला.

ग्लेनिस म्हणजे आमच्या प्राणी-निवाऱ्यातली जिन्याची मास्तरीण. शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडांचा जन्म पिंजऱ्यात जातो. जिना त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. आणि वेल्सच्या या खोऱ्यात घरं अशी की, खाली एक खोली अन् वर एक, मध्ये शिडीसारखा उभा जिना. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यापासून ही बाई एकेक कुत्रा घरी ठेवून घेते, पायरीवर फतकल मारून बसते आणि त्याचा एकेक पंजा उचलून पुढच्या पायरीवर ठेवते. कुत्रा शिकला की त्याला घर मिळतं आणि हिचं घर रिकामं होतं. गुडघे गेले, पण बाई हटली नाही. मला तिचं फार कौतुक आहे. तोंडावर म्हटलं तर मात्र शिव्या खाव्या लागतील.

ब्रॅन काळा. काळा कुत्रा कोणी चटकन नेत नाही, आणि हा तर दोन घरांतून परत आलेला. सगळा हिवाळा तो ग्लेनिसच्या पायाशी झोपला. "ठेवून घे की याला," मी म्हटलं होतं.

"आणि पुढच्यांना जिना कोण शिकवणार? तू? तुला स्वतःला तरी धड उतरता येतो का?"

शेवटी गेल्या आठवड्यात विधुर एम्लिननं ब्रॅनला नेलं. आता गाडीत ग्लेनिस म्हणाली, "बेरिल, चूक माझी. माझ्या जिन्याला वळण आहे, पुढचं दिसत नाही. एम्लिनचा जिना सरळ. वरून पाहिलं की त्याला विहीर दिसत असणार. आता पुन्हा परत आला, तर कोण घेईल गं त्याला?"

"मग चल आत."

"वेडी का काय! मला पाहिलं की माझ्याकडे धावेल. मग तो एम्लिनचा कधीच व्हायचा नाही. तू जा. एम्लिनला त्याच्यापुढे आडवं उभं कर, खालचं दिसता कामा नये. तू मागून पंजे धर. आणि घाई करू नकोस."

एम्लिन जिन्याच्या तळाशीच उभा होता. "जा, घेऊन ये," म्हणाला.

"तुम्हाला वर यावं लागेल."

त्यानं कठड्याला हात लावला आणि काढून घेतला. "माझी नॅन गेल्यापासून मी वर गेलो नाही. खाली कोचावर झोपतो."

"ब्रॅन तर गेलाय," मी म्हटलं.

कोळशाच्या खाणीनं खाल्लेली छाती. दर दोन पायऱ्यांना थांबत, खोकत तो चढला. ब्रॅन पलंगावर पसरला होता, डोकं नॅनच्या उशीवर. एम्लिन दारातच थबकला. मला वाटलं, आता परत फिरतो.

"बरी सापडली रे तुला उशी, हलकटा," तो म्हणाला, पलंगाच्या कडेला बसला, कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला आणि रडला. मी खिडकीतून समोरच्या टेकडीवरची मेंढरं पाहत राहिले.

मग आम्ही उतरलो. एम्लिन पुढे आडवा, मध्ये ब्रॅन थरथरत, मागे मी. "ये बाळा, मी आहे," एम्लिन सारखा म्हणत होता. एकेक पंजा, एकेक पायरी. खाली पोचल्यावर ब्रॅननं अंग झाडलं आणि सरळ दाराकडे गेला.

"मग? घेऊन जाऊ ना परत?" मी विचारलं.

"कोणाला?" एम्लिन खेकसला. "बाजूला हो. लघवीला जायचंय त्याला."

दोघं माझ्या गाडीजवळूनच गेले. मी मागून धावत निघाले, कारण गाडीत ग्लेनिस होती. पण सीट रिकामी दिसली. दार उघडलं, तर बाई खाली, पाय ठेवायच्या जागेत. ते दुखरे गुडघे छातीशी दुमडून, तोंडावर हात घट्ट दाबून बसलेली.

"वळून पाहिलं का गं त्यानं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नाही."

"छान झालं," ती म्हणाली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"थांब," म्हणाली, "कोपऱ्यावरून वळू दे त्यांना."