रूथची आई

जोतीरामच्या घरी मोठी गोष्ट ठरवायची म्हणजे वचन काढायचं, असा रिवाज होता. प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी उघडायचं आणि पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली येईल ती ओळ देवाची आज्ञा. सांगोल्याकडचं गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत यायचं, हे असंच ठरलं होतं. पोरीला मिशनच्या शाळेत घालायचं, हेही असंच. जोतीराम पटकीनं गेला, त्यानंतर मात्र मुक्ताबाईवर वचन काढायची वेळ आली नव्हती. भोंग्याला उठायचं, गिरणीत रिळं भरायची, सांजेला घरी यायचं. त्यात ठरवण्यासारखं होतं काय?

ती वेळ आता आली. रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी तिला थांबवून घेतलं. मिरजेच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला तिच्या लेकीला, हेमावतीला, जागा मिळत होती. ते स्वतः बुधवारी तिकडे निघणार होते. पाठवायचं असेल तर मंगळवारपर्यंत सांगा, सोबत नेतो, म्हणाले.

"शास्त्राला इचारून सांगते," मुक्ताबाई म्हणाली.

भवानी पेठेतल्या आपल्या खोलीत मायलेकी गुडघे टेकून बसल्या. मुक्ताबाईनं डोळे मिटून शास्त्र उघडलं, बोट टेकवलं. हेमानं वाकून ओळ वाचली. रूथच्या पुस्तकातली होती. तुम्हांला सोडून परत जाण्याचा आग्रह मला करू नका, तुम्ही जाल तिथं मी येईन, असं रूथ म्हणते ती.

मुक्ताबाईचे डोळे भरून आले. पोरीनं बघू नये म्हणून ती तशीच उठून चुलीपाशी गेली. "ऐकलंस न्हवं?" ती तिकडूनच म्हणाली. "सोडून जायाचं न्हाय. देवानंच सांगितलं. आता माझा काय इलाज हाय?"

हेमानं शास्त्र मिटून ठेवलं. आईचा सुटका झाल्यासारखा आवाज तिनं ऐकला होता. मिरजेला जायचं म्हणून ती गेले काही महिने मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकत होती. तरी देवाची आज्ञा आली म्हटल्यावर रडणार कुणापुढं? पण तिचा एक स्वभाव होता. एखादी गोष्ट अशी का झाली, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सोमवारी सांजेला आई भाकरी थापत होती. हेमानं शास्त्र घेतलं, जमिनीवर शिवणीच्या बाजूनं उभं धरलं आणि दोन्ही पुठ्ठे एकदम सोडले. पुस्तक उघडलं. रूथ. मिटून पुन्हा सोडलं. पुन्हा रूथ. मग दिशा बदलून, उंबऱ्याकडं तोंड करून सोडलं. तेच पान.

"काय गं हेमा, पुस्तकाला चक्कर आली व्हय? सारखं पडतंय ते!"

दारात चंद्रव्वा उभी होती. शेजारच्या खोलीत राहणारी ही बाई अक्कलकोटकडची, अर्धी कानडी बोलणारी. शेंगाच्या चटणीची वाटी घेऊन आली होती.

मुक्ताबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "शास्त्र टाकतीस? बापाचं शास्त्र? देवाची परीक्षा बघतीस व्हय गं?"

"टाकत नाही आई. नुसतं सोडून बघतेय."

"आग, मुक्ताक्का, तिला कशाला वरडतीस?" चंद्रव्वानं बैठक मारली. "गावाकडं आमी देवाला कौल लावतो की. देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर न्हाय. आता जी कमी ओली ती आदी पडती, एवढं मला बी कळतंय. तरी मी लावते. आमचं फूल, तुमचं पुस्तक. कौल तो कौलच की!"

ती हसली. तिच्या मनात खोट नव्हती. वाटी ठेवून ती निघूनही गेली, पण मुक्ताबाईला तिच्या बोलण्याचा भाकरीच्या तव्यासारखा चटका बसला. बाप्तिस्मा घेतला तेव्हा जोतीरामनं सगळ्यांत आधी सोडला होता तो कौल.

"आई," हेमा हळू म्हणाली, "बाबा गेल्यावर तू रोज संध्याकाळी हेच पान काढून बसायचीस. आठवतं? एकेक अक्षर लावत इथपर्यंत यायचीस आणि थांबायचीस. पुस्तकाची शिवण इथं उसवलीये. कुणीही उघडलं तरी ते इथंच उघडणार."

मुक्ताबाईला आठवत होतं. तुम्ही जाल तिथं मी येईन, ही ओळ आली की तिला पुढं वाचवत नसे. त्या वेळी ती जोतीरामलाच म्हणत असे ते.

ती बराच वेळ बोटांचं पीठ काढत राहिली. "म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "मी माझंच मला सांगितलं. देव बोललाच न्हाय. आन मागं, गाव सोडताना बोलला ते? ते बी न्हाय?"

आपण काय मोडलं हे आता कुठं हेमाच्या ध्यानात आलं. शिवण उसवलेली दाखवणं सोपं होतं. ती आईच्या अंगाला अंग लावून बसली.

"मला ठाऊक नाही गं आई. बोलला असेलही. पण कुणी आपल्याशी बोलत असलं, तर आपण एक वाक्य ऐकून उठून जातो का? काल आपण तसंच केलं. मी वाचते. तू ऐक. पहिल्यापासून शेवटपर्यंत. लहानसंच पुस्तक आहे."

"आन भाकरी?"

"गार खाऊ."

हेमा वाचू लागली. दुष्काळ, मवाब देश, नामीचा नवरा गेला, दोन्ही पोरं गेली. मग नामी आपल्या सुनांना, रूथला आणि तिच्या जावेला, सांगते, आपापल्या आईच्या घरी परत जा.

"थांब," मुक्ताबाई म्हणाली. "आईच्या घरी?"

"हो."

"म्हंजे रूथला आई हुती?"

"असणारच की."

"किती येळा वाचलं मी हे! हितं कदी थांबलेच न्हाय." तिनं पोरीच्या हाताला धरलं. "वाच पुढं."

पुढं शेत आलं, कापणीमागं पडलेला सरवा वेचणं आलं. शेताचा धनी बवाज रूथला म्हणाला, तू आपले आईबाप आणि जन्मभूमी सोडून अनोळखी लोकांत आलीस, हे सगळं मला कळलंय. मुक्ताबाईनं पुन्हा थांबवलं. कालची ओळ काढायला लावली, कोण म्हणतं आणि कुणाला म्हणतं ते विचारून घेतलं. रूथ म्हणते, आपल्या सासूला, नामीला. ती ओळ आईला बिलगलेल्या लेकीची नव्हतीच. आई मागं ठेवून निघालेल्या लेकीची होती.

"तिच्या आईला काय वाटलं? काय म्हणाली ती?"

हेमानं पान उलटून पाहिलं. "लिहिलेलं नाही."

"बरं. शेवटपर्यंत वाच."

मंगळवारी गिरणीत रिळं फिरत होती आणि मुक्ताबाईच्या डोळ्यांपुढं ती मवाबातली बाई होती. पुस्तकात तिचं नावसुद्धा नव्हतं. पोर परक्या मुलखात निघाली, परक्या देवाच्या माणसांत. तिनं पदर धरून ठेवला असता तर? सुताचं टोक तुटलं, मुक्ताबाईनं सवयीनं गाठ मारली. देवानं त्या पोरीची वाट चुकू दिली नाही, बवाजाच्या घरी तिचा संसार फुलवला. ते आईनं पाहिलंही नसेल. आपल्याला तर निदान शेवटपर्यंत वाचायला मिळालं.

सुटी होताच ती परस्पर पाळकसाहेबांकडं गेली. घरी आली तेव्हा हेमा दिव्याची काच पुशीत होती.

"दोन लुगडी आन बापाचं घोंगडं बांध," मुक्ताबाई म्हणाली. "सांगून आले."

हेमानं काच खाली ठेवली. "आई! पण वचन?"

"वाचलं की आपण."

"रागानं तर नाही ना पाठवत?"

"राग कसला. लई दुखतंय गं," ती म्हणाली आणि पोरीला छातीशी धरून आता उघड रडली. "दुखतंय म्हणून काय ते चुकीचं झालं?"

बुधवारी स्टेशनवर ती पाळकसाहेबांच्या देखत सूचना देत राहिली. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, पुढं अरुंद रुळांची धाकटी गाडी हाय, खिडकीतनं डोकं काढू नको, मोडनिंबला उतरून पाणी शोधत बसू नको. हेमा हो हो म्हणत राहिली. गाडी हलल्यावर मुक्ताबाई चार पावलं बरोबर चालली आणि थांबली.

सांजेला तिनं शास्त्र मांडीवर घेतलं आणि ते आपोआप उघडू न देता मुद्दाम मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान, प्रभूच्या पूर्वजांच्या नावांचं, शोधून काढलं. ती अक्षर अक्षर लावू लागली. चंद्रव्वा दाराशी येऊन बसली. सुनी खोली तिलाही बघवत नव्हती. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "अगं अव्वा! ह्याला ते झालं, त्याला ते झालं. किती बाप गं हे? जरा गोष्टीचं तरी वाच."

"येईल गोष्ट. आदी ही माणसं सरू दे."

"आन तंवर?"

"तंवर शेंगा सोल," मुक्ताबाई म्हणाली, आणि पुढच्या नावावर बोट ठेवून ते लावायला लागली.