चौकोनातला हात

ऑनलाइन मीटिंग नीट कशी घ्यावी, हे मी लोकांना शिकवते. हसू नका, आमच्या कंपनीत हे पगारी काम आहे. कंपनी लिफ्टची देखभाल करते, माणसं विखुरलेली, आणि सगळे घरून काम करायला लागल्यापासून हे माझ्या गळ्यात पडलंय. माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत. मी येण्याआधी मीटिंग म्हणजे नुसता मासळीबाजार होता. एकाचा कुकर, दुसऱ्याचं कुत्रं, तिसऱ्याचं आपलं एकच, "माझा आवाज येतोय का?" मी शिस्त लावली. बोलायचं नसेल तर माइक बंद. कुणी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हात वर करायचा आणि थांबायचं. चॅट सगळ्यात शेवटी वाचायचं.

सगळे सुधारले. सुधारला नाही तो एकच माणूस, आणि तो माझ्याच घरात राहत होता.

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं बसस्टँडवर घोषणा केल्या. काचेच्या छोट्या खोलीत माइकसमोर बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. माणूस निवृत्त झाला, आवाज काही झाला नाही. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, पण बाहेरच्याला वाटावं दहा माणसं आहेत. सकाळी स्वयंपाकघरातून घोषणा व्हायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहा फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे. उशिरा येणाऱ्यांना गार मिळेल." मला हसू यायचं. मीटिंग सुरू नसेल तर.

एकदा सुरू होती. आमच्या मोठ्या मॅडम वर्षभराचे बेत सांगत होत्या, माझा माइक चुकून उघडा राहिलेला, आणि बाहेरून गर्जना झाली, "अगं, तुझी ती फाटकी चादर धुवायला टाकू की फेकून देऊ?" साठ माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घर आणि ऑफिस यांच्यामध्ये एक दार असतं. तुम्ही तर इतरांना शिकवता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीटिंग संपल्यावर मी बाबांना नाही नाही ते बोलले. तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल, म्हाताऱ्या माणसाने घरात कसं राहावं हे कळत नाही का, असलं. ते चादर हातात धरून उभे होते. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, त्या दिवशी चादरीची घडी घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी नियम केला. माझ्या खोलीच्या दाराच्या कडीला लाल नॅपकिन अडकवला.

"हा दिसला की तोंडाला कुलूप," मी म्हटलं. "अगदीच अडलं तर हळूच दार उघडायचं, माझ्या मागे उभं राहायचं आणि हात वर करायचा. मला स्क्रीनवर माझ्या चौकोनात तुम्ही दिसता. मी बघेन."

"म्हणजे मी पण तुझ्या वर्गात?"

"हो. शेवटच्या बाकावर."

"जशी आज्ञा, साहेब," ते म्हणाले आणि कडक सलाम ठोकला.

आणि पाळला हो त्यांनी नियम! दारावर कुणी आलं, चष्मा सापडेना, की माझ्या खांद्यामागे अलगद एक हात वर यायचा. मी टेबलाखालून बोटांनी खूण करायची, थांबा. ते थांबायचे. मला वाटायचं, बघा, बाबासुद्धा शिकले. मला त्याचा अभिमान वाटायचा, काय सांगू.

त्या दिवशी नवीन चौदा जणांचा वर्ग होता, नऊ ते दीड. नऊला पाच कमी असताना बाबांनी मला चहा आणून दिला, कपाखाली बशी न घेता, आणि मी त्यावरूनही कटकट केली. ते बाहेर गेले. मी नॅपकिन लावला.

मी शिकवते त्यात चौथी गोष्ट अशी की, मीटिंगमध्ये स्वतःचं चित्र लपवावं. "दिवसभर आरसा समोर धरून बोलतो का आपण?" मी नेहमीप्रमाणे विचारलं. "मग इथे कशाला? सारखं स्वतःकडे बघून माणूस थकतो. इतरांना तुम्ही दिसत राहता, फक्त तुम्हाला तुम्ही दिसत नाही. हे बघा, करून दाखवते." आणि मी माझा चौकोन लपवला. एरवी वर्गात दाखवून झालं की मी तो लगेच परत आणायची. त्या दिवशी कुणीतरी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, पुढचा तक्ता पूर्ण स्क्रीनभर लावला आणि तो चौकोन तसाच राहून गेला.

पहिल्या सुट्टीत एकाचा माइक चालेना, दहाही मिनिटं त्यातच गेली. दुसऱ्या सुट्टीत मी दार उघडून बाहेर डोकावले. बाबा खुर्चीत होते, माझ्याकडे पाठ, मान एका बाजूला कललेली. डुलकी लागली वाटतं, मी मनात म्हटलं. बरं झालं, घटकाभर शांतता. आवाज न करता मी दार लावून घेतलं.

दीडला वर्ग संपला. मोठ्या मॅडम शेवटी येऊन बसल्या होत्या, त्यांनी थांबवून घेतलं. "एकही व्यत्यय नाही! याला म्हणतात मीटिंग. हे रेकॉर्डिंग आपण सगळ्यांना दाखवू." मी फुलून गेले. दोन वाजता त्या गेल्या आणि मी नियमाप्रमाणे चॅट उघडलं.

नऊ सव्वीस. "मागे बाबा आहेत का? हाय बाबा!" नऊ सव्वीस. "किती गोड!" नऊ सत्तावीस. "आजोबा टाटा करतायत." त्याखाली हलणाऱ्या हातांची रांग.

मला काय वाटलं असेल? माझं डोकं फिरलं. आज परत मधे आले, तेही मॅडम ज्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना दाखवणार त्याच वर्गात! मी तरातरा बाहेर गेले. "बाबा, किती वेळा सांगायचं हो तुम्हाला?" मी खुर्चीच्या पाठीला म्हटलं. "लोकांना टाटा करायला आलात? मी काय तिथे खेळ मांडलाय का?"

मी खुर्चीला वळसा घालून पुढे गेले. त्यांचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं, शर्टाचा पुढचा भाग लाळेने भिजला होता, आणि डोळे उघडे होते. ते सगळं ऐकत होते.

हॉस्पिटलला पोचायला तीन वाजले. डॉक्टर तरुण होती, झरझर बोलत होती. डोक्यात गुठळी झाली आहे, म्हणाली. त्रास कधी सुरू झाला, नक्की वेळ सांगा.

"नऊ सव्वीस," मी म्हटलं.

तिने घड्याळाकडे बघितलं. "इतकी नेमकी वेळ?"

"चौदा जणांनी बघितलं."

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं तिने सांगितलं. पुढे दिलं तर रक्तस्रावाची भीती. आता बाकीचे उपचार करू, पण आधी आणायला हवं होतं. कुणी लक्षात कसं नाही आणून दिलं, असं तिने विचारलं. काय सांगू तिला? मी बोलत होते, आणि मी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे त्या चौदा जणांना सकाळी पहिल्या पाच मिनिटांत मीच शिकवलं होतं.

बाबा वाचले. असं म्हणायची पद्धत आहे. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

महिन्याभराने ऑफिसातून ते रेकॉर्डिंग आलं. मॅडमनी प्रेमाने लिहिलं होतं, की वर्ग फार उपयोगी झाला आहे, तेवढा बाबा दिसतात तो मधला तुकडा कापून टाका, तुम्हाला सवडीने जमेल तेव्हा. मी तो बघितला. माझ्यामागे दार उघडतं. बाबा चौकटीला धरून आत येतात, एक पाय ओढत. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग ते डावा हात वर करतात. पुढे मी, चौकोन लपवून आणि स्क्रीनभर तक्ता लावून, हसत हसत परत सांगतेय, माणूस स्वतःला बघून थकतो. ते हात वर धरून उभे. एक मिनिट, दोन मिनिटं. समोरच्या चौकोनांमधून लोक त्यांना हात हलवतायत. ते एकदा माझ्या पाठीकडे बघतात, एकदा टेबलाखाली, माझ्या बोटांची खूण दिसते का ते. मग हात खाली घेतात आणि बाहेर जातात. जाताना त्या एका हाताने दार ओढून घेतात, आवाज होऊ न देता.

तुकडा मी कापून टाकला. नोकरी सोडून कसं चालेल, त्यांची औषधं आहेत, दिवसा एक बाई ठेवली आहे. शिकवते अजून. चौथी गोष्ट तेवढी शिकवत नाही.

नॅपकिन मी बाबांना हॉस्पिटलात ठेवलं त्याच रात्री कचऱ्यात टाकला होता. खोलीचं दार बिजागरीसकट काढून घेतलं आणि बाबांची खुर्ची माझ्या टेबलाला लावली. रोज सांगते, बाबा, माझी मीटिंग गेली खड्ड्यात, काही लागलं की टेबलावर हात आपटा, कप फोडा, मला ओढा. ते मान हलवतात. सगळं कळतं त्यांना.

काल वर्ग चालू होता. मी सहज बाजूला बघितलं. पाण्याचा पेला माझ्या कोपराशी होता, त्यांच्यापासून वीतभर. बाबांनी आधी, जिथे दार होतं तिकडे, नॅपकिनच्या कडीच्या जागी, बघून घेतलं. मग डावा हात वर केला आणि माझं बोलणं संपायची वाट बघत बसले.