टायरवर कोयता

पालघरला मेहेरबाईंच्या बंगल्यामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची जुनी ऑस्टिन. थंडी सुरू झाली की बाईंचा दमा उसळायचा. मग त्या मद्रासला लेकीकडे जायच्या, त्या होळीपर्यंत. तोवर गाडी झुंबरच्या हवाली. झुंबर मूळचा बीडकडचा, बाईंचा ड्रायव्हर. बायको रंभाबाईला घेऊन शेडशेजारच्या खोलीत राहायचा.

सदुसष्टच्या हिवाळ्यातही त्यानं गाडी जॅकनं उचलून सागाच्या ठोकळ्यांवर ठेवली. चाकं अधांतरी राहिली म्हणजे टायर एका जागी दबून चपटे होत नाहीत. मग टायर धुऊन, कोरडे करून उन्हापासून जपायला त्यांना गोणपाट गुंडाळलं. साहेबांनी आणलेले विलायती टायर. तसे पुन्हा मिळायचे नव्हते.

झुंबरचा धाकटा भाऊ भगवंत बोईसरच्या एका हातभट्टीवाल्याची गाडी चालवायचा. तीही ऑस्टिनच. एका दुपारी तो पाना घेऊनच आला.

"दादा, माझे टायर पार गुळगुळीत झालेत. पोलीस मागं लागले अन् गाडी खड्ड्यात जाता जाता राहिली. हे चार दे. होळीच्या आत आणून लावतो."

"न्हाई."

"म्हातारी मद्रासला. तिला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

भगवंत हसला आणि खाली बसून गोणपाट सोडायला लागला. झुंबरनं त्याची कॉलर धरून मागं ओढलं. भगवंतनं वळून हातातला पाना थेट त्याच्या तोंडावर हाणला. झुंबरचे दोन दात पडले. तोंडातून रक्ताची धार लागली.

"भाऊ मेला तरी चालंल, पर त्या म्हातारीचं रबर जपशील!" भगवंत ओरडला आणि पुन्हा पाना उगारला.

तो वार झुंबरनं खांद्यावर झेलला. डोकं खाली घालून तो भावाच्या छातीवर आदळला, तसे दोघंही शेडच्या पत्र्याच्या भिंतीवर कोसळले. झुंबरच्या हाताला जॅकचा दांडा लागला. पहिल्या घावात भगवंतचं उजवं कोपर फुटलं. पाना गळून पडला. तरी झुंबर थांबेना. बरगड्यांवर, पाठीवर तो हाणतच राहिला.

रंभाबाई अंगणात झावळ्या तोडत होती. आरडाओरडा ऐकून ती कोयत्यासकट धावली. तिनं नवऱ्याचा हात धरला, त्यानं तिला झटकून दिलं. भगवंत आता हातही वर करत नव्हता. झुंबरनं दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. त्याची नजर पाहून तिला कळलं, हा आता जीव घेणार.

ती गाडीकडे वळली आणि पुढच्या टायरवर सगळ्या ताकदीनं कोयता घातला. पहिला घाव उसळून तिच्याच कपाळावर आला. दुसरा लागला. बंदुकीसारखा आवाज झाला.

झुंबर जागच्या जागी थबकला.

रक्तानं तिचा एक डोळा मिटला होता. ती दुसऱ्या टायरवर तुटून पडली. मग तिसऱ्या. मग चौथ्या.

"घ्या!" ती किंचाळली. "आता कुणाला पायजे? घ्या!"

झुंबरच्या हातून दांडा पडला. "काय केलंस हे, रंभे?"

"अन् तू काय करीत हुतास?"

शेजारच्या सुकाच्या बैलगाडीतून भगवंतला सरकारी दवाखान्यात नेलं. माडावरून पडलो, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. तो वाचला. कोपर मात्र कायमचं आखडलं.

होळीला मेहेरबाई परतल्या. झुंबरनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. बाई बराच वेळ फाटक्या टायरवर हात फिरवत राहिल्या. "मी तुला ठेवू शकत नाय, झुंबर," एवढंच त्या म्हणाल्या.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथं झुंबरला ट्रकवर काम मिळालं. एका हातानं गाडी चालवता येईना म्हणून भट्टीवाल्यानं भगवंतला हाकललं होतं. रंभाबाईनं त्याला तारापूरच्या आपल्या झोपडीत आणलं. नवऱ्याला विचारलं नाही.

दोघं भाऊ समोरासमोर जेवायला बसले. भगवंतला डाव्या हातानं भाकरी मोडेना. झुंबरनं थोडा वेळ पाहिलं. मग त्याचं ताट पुढं ओढलं, भाकरी आमटीत कुस्करली आणि ताट परत सरकवलं.